पोट भरलेली, एक

"मनुका कुठं गेल्या?" मी स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

आई शिऱ्यावर झाकण ठेवत होती. "कुठल्या?"

"सकाळी वाटीत भिजत घातल्या होत्या त्या."

"त्या होय? शिऱ्यात गेल्या. पाहुणे जेवायला येणार म्हणालीस, मला वाटलं, त्यासाठीच भिजवल्यास."

बाहेरच्या खोलीत कादरला हे ऐकू गेलं आणि तो हसत सुटला. डासांचा नैवेद्य आज माणसांच्या पोटात जाणार, असं तो आप्पांना सांगत होता. आप्पांना काही कळेना, म्हणून त्यानं सगळं समजावून सांगितलं.

मी तेव्हा पुण्याला एका संशोधन संस्थेत होते. डासांमधले विषाणू शोधायचे, हे आमचं काम. माणसं आजारी पडायच्या आधी डासात विषाणू सापडला, तर गावाला सावध करता येतं. त्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावात तापाचे रुग्ण वाढले होते, म्हणून आमची तुकडी तिथं गेली होती. परभणीच्या पुढं दोन तासांवर आमचं गाव. नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं, म्हणून घराघरात हौद, पिंपं, रांजण, आणि त्यांत डास. कादर मुजावर माझ्याबरोबर डास गोळा करायला असायचा. मिरजेचा माणूस, गप्पांना कधी कमी नाही.

पकडलेल्या डासांत काहींच्या पोटात ताजं रक्त असतं. अशा माद्या लगेच तपासायच्या नाहीत, असा आमच्याकडचा नियम. विषाणू सापडला तर तो डासाचा की ज्याला ती चावली त्याचा, हे सांगता येत नाही. म्हणून त्यांना कागदी पेल्यात जाळीखाली एक-दोन दिवस जिवंत ठेवायचं, रक्त पचू द्यायचं. तोवर त्यांना खायला जाळीवर भिजवलेली मनुका. त्यातला ओलावा आणि गोडी त्यांना पुरते.

"म्हणजे डासांची बाळंतपणं करता तुम्ही," आप्पा म्हणाले. "माझे किडे पुस्तकं खातात, हिचे माणसं. माझ्या किड्यांना मी कधी मनुका दिल्या नाहीत."

आप्पांनी गावचं वाचनालय तीस वर्षं सांभाळलं होतं. निवृत्त झाले तरी रोज दुपारी जाऊन बसायचे, कसर लागलेली पुस्तकं उन्हात पसरायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्या टेबलाखाली बसून.

जेवताना त्यांनी कादरला विचारलं, की ही बाई कामावर नीट बोलते का. घरी तर कशालाच हो नाही की नाही नाही. "जेवलीस का विचारलं तर म्हणेल, शक्यता आहे."

"ऑफिसात त्याहून कमी बोलतात," कादर म्हणाला. "तिथं शक्यतासुद्धा टक्क्यात."

मी म्हटलं, तपासल्याशिवाय बोलायचं नाही, हे मला वाचनालयातच शिकवलंत. पुस्तक उघडून बघितल्याशिवाय ते कुठल्या कपाटात जाईल ते सांगायचं नाही. आप्पा खूश झाले. शिरा दुसऱ्यांदा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर, आवाजात, बसण्यात काहीही वेगळं नव्हतं. मी त्यानंतर त्या दुपारकडे इतक्या वेळा परत गेले आहे, की काही असतं तर सापडलं असतं.

जेवण झाल्यावर कादर पेटी आवरायला लागला, तसे आप्पा म्हणाले, "असे कसे चाललात? साऱ्या गल्लीतली घरं तपासलीत आणि आमचं सोडलंत. उद्या लोक म्हणतील, पोरीनं बापाला सूट दिली."

मग आमचं घर तपासलं.

मागच्या अंगणातल्या हौदात कादरनं बॅटरी मारली आणि मला खुणेनं बोलावलं. मी वाकून पाहिलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी आदल्या वर्षी त्यात गप्पी मासे आणून सोडले होते, ते दिसेनात.

"मासे कुठं गेले?"

"वाचनालयाचे सभासद झाले," आप्पा म्हणाले. "तिथल्या मागच्या टाक्यात सोडलेत."

आई पदराला हात पुसत उभी होती. माशांनी घाण केलेल्या पाण्यानं देव कसे धुवायचे, असं तिचं म्हणणं होतं. पिण्याचं वेगळं भरता येतं, पण देवाचं, सोवळ्याचं, स्वयंपाकाचं, सगळं याच हौदातून. आठ महिने तिनं कळशी बुडवताना मासे चुकवले आणि मग एक दिवस आप्पांना ते काढायला लावले. कादरनं तिला हळूच सांगितलं, की आई, हौद रिकामा करून घासावा लागेल. ती म्हणाली, नळ आत्ता परवाच येऊन गेला, आठ दिवस काय करू? शेवटी अर्धं पाणी झाडांना गेलं, उरलेलं आम्ही कापडातून गाळलं. सापडल्या तेवढ्या अळ्या बाटलीत भरून घेतल्या. आईचा चेहरा उतरला होता. आप्पा तिला म्हणाले, "अगं, गावात ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याकडे अळ्या आहेत. पैशासारखंच आहे ते."

घरात डास शोधायला आम्ही अंधारे कोपरे बघतो. दाराआड खुंटीला आप्पांचा काळा कोट होता. आदल्या आठवड्यात आत्याकडच्या लग्नाला चार दिवस घालून मिरवला होता, तो अजून खुंटीवरच. कोटाच्या बाहीतून आठ-दहा डास मिळाले. काचेच्या नळीत अलगद ओढून घ्यायचे, चुरगळू द्यायचे नाहीत. सगळे रिकाम्या पोटाचे होते. शेवटची मादी कॉलरखाली बसली होती, जड, उडायला आळशी. मी तिला नळीत घेतलं आणि दारातल्या उजेडात धरलं. पोट लालभडक, टम्म.

आप्पांनी चष्मा वर करून पाहिलं. "हिचं जेवण झालेलं दिसतंय."

"आत्ताच झालंय. सकाळचं."

"कुणाचं रक्त असेल?"

"घरात दोघंच आहात."

"मग माझंच. तुझ्या आईला डास चावत नाहीत, तीच चावते."

"शिरा पुरे झाला वाटतं," आई आतून म्हणाली.

आप्पा नळी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे ही मला घेऊन पुण्याला चालली."

"अर्धा थेंबही नाही, आप्पा."

"तेवढं तर तेवढं. तू तरी कुठं नेतेस."

त्यांना आमची प्रयोगशाळा बघायची होती. मी दर वेळी म्हणायचे, दिवाळीनंतर बघू.

त्या मादीसाठी मनुका उरली नव्हती. सकाळच्या पेल्यांवर आम्ही ठेवून दिल्या होत्या, त्या वाळत आल्या होत्या. कादरनं साखरपाण्यात कापसाचा बोळा भिजवून जाळीवर ठेवला. पण जीपमध्ये भट्टी पेटल्यासारखं होतं. बीडच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा बोळा खडखडीत झाला होता आणि ती पेल्याच्या तळाशी पाय आखडून पडली होती, अजून हलत होती.

"ही काही पुण्यापर्यंत येत नाही," कादर म्हणाला. "काय करू? मेली की वाया."

रक्त पचलेलं नव्हतं. नियमानं ती आता तपासायच्या कामाची नव्हती. तरी मी म्हटलं, वेगळ्या कुपीत घाल आणि गोठव. त्यानं तिला ड्राय आइसच्या डब्यात टाकलं आणि कुपीवर पेनानं लिहिलं, मादी, पोट भरलेली, एक.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. आप्पांना रात्रीपासून ताप होता. अंग मोडून आलंय, डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणतात. डॉक्टर टाकळकर येऊन गेले, रक्त तपासायला घेतलं, गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणाले.

मी उभ्या उभ्या प्रश्न विचारले. अंगावर पुरळ? नाही. उलटी? एकदा. हिरड्यांतून रक्त? नाही गं बाई. मग तिनं फोन आप्पांना दिला.

"तुझी पाहुणी सुखरूप पोचली का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"माझं रक्त प्यायली ती."

मी म्हटलं, पोचली. आणि तुम्ही पडून राहा. वाचनालयात जायचं नाही.

पुढचे दिवस मी कामावर हात चालवत होते आणि कान फोनकडे होते. आम्ही आणलेले डास घरवार, जातवार वेगळे करायचे, फार तर वीस-पंचवीस एका कुपीत, कुटायचे, त्यातून विषाणूचा माग काढायचा. यंत्र दोन-अडीच तास घेतं आणि मग पडद्यावर रेघा येतात. रेघ सपाट राहिली तर काही नाही, वर वळली तर आहे. आमच्या घरची कुपी कुठली ते मला माहीत होतं. त्या तापलेल्या दिवसांत मी तिच्या रेघेकडे बघत बसायचे. ती सपाट राहिली. हौदातल्या अळ्या वाढवून झालेल्या डासांचीही सपाट. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या एका घराची तेवढी वर गेली. मला बरं वाटलं पाहिजे होतं, पण इतक्या थोड्या डासांवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच नव्या मुलांना शिकवत होते.

आप्पांचा रिपोर्ट आला, डेंगीच होता. डॉक्टर टाकळकर माझ्याशी फोनवर नीट बोलले. आकडे घाबरण्यासारखे नाहीत, वय आहे म्हणून जपू, म्हणाले. मी रोज तीनदा फोन करायचे. आई प्रत्येक वेळी आधी ताप सांगायची, मग किती पाणी प्याले ते, आणि शेवटी आवाज बारीक करून विचारायची, "हौदातल्याच डासांनी केलं का गं हे?"

"तसं म्हणता येत नाही, आई."

"नाहीच असंही म्हणता येत नाही ना?"

मी म्हणायचे, आत्ता त्यांच्याकडे बघ, ते नंतर.

आणि एक दिवस दुपारी तिचा फोन आला, आवाज मोकळा. "उतरला बाई ताप. सकाळपासून अंगाला हात लागतोय. डोळे उघडून बसलेत, भात खाल्ला चार घास."

या तापात ताप उतरला की माणसं सुटकेचा श्वास सोडतात. काहींची खरी वेळ तेव्हाच सुरू होते.

"पोट दुखतंय का त्यांचं?"

"थोडं म्हणत होते. भात जास्त झाला असेल."

"हात-पाय बघ. गार आहेत?"

"ताप उतरल्यावर गारच असणार की."

"आई, लघवीला गेले होते का सकाळपासून?"

मागं आप्पांचा आवाज आला, काय विचारायलीय ती? आई म्हणाली, "नाही बहुतेक."

मी तिला सांगितलं, आत्ताच्या आत्ता नांदेडला न्यायचं. समोरच्या बालाजीला गाडी काढायला सांग. डॉक्टर टाकळकरांना मी फोन करते. आई गोंधळली. ताप असताना ने म्हणाली नाहीस आणि आता उतरला तर? मग आप्पांनी फोन घेतला. आज वाचनालयाची सभा आहे, मी तिथं जात नाही, पण मंडळी घरी येणार आहेत, उद्या जाऊ.

"आप्पा, आत्ता."

"एवढं काय झालंय?"

"काही झालं नसण्याचीच शक्यता जास्त आहे. पण आत्ता निघा."

ते हसले. "बघ, पुन्हा शक्यता," असं कुणाला तरी म्हणाले. पण निघाले.

मी मिळेल त्या गाडीनं निघाले आणि सकाळी नांदेडला पोचले. आप्पांना सलाइन लावलं होतं, तोंड सुजल्यासारखं, नखं निळसर. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. रक्तातलं पाणी शिरांतून बाहेर झिरपतंय, आम्ही भरतोय, ते टिकत नाही. पुढचे काही तास महत्त्वाचे. मी मान हलवत होते. हे सगळं मी व्याख्यानात चित्रं दाखवून सांगत आले होते.

आई कॉटच्या पायाशी स्टुलावर बसली होती. आप्पांचे तळवे दोन्ही हातांनी घासत होती, गारठ्यात लहान मुलाचे घासतात तसे. नर्सनं तिला औषध आणायला खाली पाठवलं, तेव्हा आप्पांनी डोळे उघडले.

"वासू."

"हं."

"ती रात्रभर रडायलीय. म्हणते, मासे काढले म्हणून झालं."

"मी समजावते तिला."

"समजावू नको. सांग. हौदातलं नव्हतं म्हणून सांग." मध्येच त्यांना दम लागला. "तू म्हणालीस तर ऐकेल. माझं नाही ऐकत."

मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली होती. नाडी दोऱ्यासारखी लागत होती. एक वाक्य होतं. मला तेवढंच बोलायचं होतं. आणि माझ्या तोंडून आलं, "तपासल्याशिवाय कसं सांगू, आप्पा?"

त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. राग नव्हता त्यात. वाचनालयात एखाद्या हट्टी सभासदाकडे बघून हसायचे तसे हसले.

"तपास मग," ते म्हणाले.

मग आई आली. दुपारी त्यांना आत हलवलं. दिवस मावळायच्या आधी सगळं संपलं.

तेराव्यानंतर आईनं हौद रिकामा करवला. तेव्हापासून त्यात पाणी नाही. झाकणाची दोन पिंपं आणली, त्यांना वरून कापड बांधलं. तरी दर आठवड्याला, काथ्या आणि राख घेऊन, ती त्या कोरड्या हौदात उतरायची आणि घासून काढायची. अंगणात बादली उपडी घालायची, तुळशीखालचं ताट पुसायची. पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या गच्चीवरचे टायर स्वतः जाऊन उलटे करायची. तिच्या हातांची कातडी सोलली. लोक म्हणायचे, बाई स्वच्छतेची फार झाली.

मी जायचे तेव्हा ती एकदा तरी विचारायची. कधी भाजी निवडताना, कधी मी निघताना चपला घालत असले की. इथलंच होतं ना गं ते?

मी सांगायचे, हौदातल्या अळ्यांत काही सापडलं नाही. कोटावरच्या डासांतही नाही. त्यामुळे शक्यता कमी आहे.

"कमी म्हणजे आहेच की," ती म्हणायची.

तिचं बरोबर होतं.

ती एकटी मादी आम्ही लगेच तपासली नव्हती. आप्पा गेल्यावर पाच-सहा महिन्यांनी, रक्त प्यालेल्या सगळ्या माद्यांचं काम संस्थेतल्या डॉ. सबनीस मॅडमनी हाती घेतलं. मी त्या कामात नव्हते. एक दिवस त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि बस म्हणाल्या.

"तुमच्या घरातली," त्या म्हणाल्या. "विषाणू मिळाला."

मी विचारलं, कुठं? आमच्या कामात हा प्रश्न विचारता येतो. डासाचं डोकं आणि पोट वेगळं करून तपासतात. विषाणू डासाच्या अंगात शिरून डोक्यापर्यंत, लाळेपर्यंत पोचायला आठ-दहा दिवस लागतात. डोक्यात सापडला तर ती मादी जुनी आजारी, तिनं माणसाला दिला असेल. फक्त पोटात सापडला तर तिनं तो नुकताच रक्तातून घेतलेला.

"फक्त पोटात," मॅडम म्हणाल्या. "डोकं स्वच्छ. आणि तुझ्या वडिलांच्या रक्ताच्या नमुन्यात जो प्रकार होता, तोच."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. आमच्या दारात, उजेडात नळी धरून आप्पा उभे होते. म्हणजे ही मला घेऊन पुण्याला चालली. तेव्हाच त्यांच्या रक्तात ते होतं. दुसऱ्यांदा शिरा घेताना होतं. कोट घालून आत्याकडे गेले, तिथून चार दिवसांनी परतले, त्या दिवसांचा हिशेब बरोबर बसत होता.

"एका डासावरून काही म्हणता येत नाही," मी म्हणाले.

"लेखात म्हणता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुला माहीत असावं, म्हणून बोलावलं."

खाली आल्यावर कादरनं माझा चेहरा पाहिला. चहा आणून ठेवला. मी सगळं सांगितल्यावर म्हणाला, "त्या दिवशी मनुका असत्या, तर ती जगली असती, ताई. रक्त पचून गेलं असतं."

पचून गेलं असतं. मग ती बाकीच्यांबरोबर अख्खी कुटली गेली असती. पुढं तिच्यात काही सापडलं असतं, तरी ते कुणी कुणाला दिलं, हे सांगणारं काही उरलं नसतं. आईनं त्या मनुका शिऱ्यात घातल्या म्हणून हे कळलं होतं. आणि हेच मला आईला सांगता येईना. सांगायला जायचे आणि वाक्याच्या मध्येच मला पुढचा भाग दिसायचा. ही मादी निर्दोष, पण दुसरी एखादी? आम्ही न पकडलेली? आत्याकडे दुखणं घेतलं याचा पुरावा कुठं आहे? माझी जीभ आपोआप शक्यतेकडे वळायची. मग मी दुसरंच काही बोलायचे.

या वर्षी संस्थेनं जुने नमुने काढून टाकायचं ठरवलं. उणे ऐंशी अंशांचं गोठवायचं कपाट बिघडायला आलं होतं, नव्यात जागा कमी. कादर पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. त्यानं सगळे खण रिकामे केले आणि मला बोलावलं. एक कुपी त्यानं बाजूला बर्फात उभी करून ठेवली होती. त्याचंच अक्षर, पुसट झालेलं. तळाशी गुलाबी, बर्फाळ टिकली, तपासून उरलेली.

"ही तुम्हाला विचारून," तो म्हणाला.

मी ती हातमोज्यातल्या बोटांत धरली. धरल्या धरल्या वितळायला लागली. आप्पा इतकी वर्षं पुण्यातच होते, माझ्या टेबलापासून एका भिंतीच्या अंतरावर. प्रयोगशाळा बघून झाली होती त्यांची.

"टाका," मी म्हणाले. कादरनं ती बाकीच्यांबरोबर न टाकता वेगळ्या पिशवीत ठेवली, आणि ती पिशवी स्वतः नमुने जाळायच्या यंत्राकडे घेऊन गेला.

त्याच आठवड्यात आप्पांचं श्राद्ध होतं. मी आदल्या दिवशी दुपारी घरी पोचले. पुढचं दार उघडं होतं, घरात कुणी नव्हतं. ओट्यावर रवा काढून ठेवलेला होता. नऊ वर्षांत आईनं शिऱ्यात मनुका घातल्या नव्हत्या, आजही वाटी दिसली नाही. मागून खसखस आवाज येत होता.

अंगणात गेले. आई हौदात होती. उंची जेमतेम छातीएवढी, पण आता तिला त्यात उतरताना भिंतीला धरून, आधी बसून, मग पाय सोडावे लागतात. बाहेर यायला खाली पाटा ठेवते. शहात्तर वर्षांची बाई तळाशी उकिडवी बसून कोरडं सिमेंट घासत होती. पाठीचा कणा पोलक्यातून दिसत होता. एका गुडघ्याला फडकं बांधलेलं.

"काय झालं गुडघ्याला?"

"आलीस होय? काही नाही. परवा उतरताना घसरले." तिनं वर पाहिलं नाही. "ती राख दे इकडं. कोपऱ्यात काळं धरतंय."

मी राखेची वाटी उचलली आणि हातातच ठेवली. हौदात पाण्याचा थेंब नव्हता.

"ये बाहेर, आई. उद्या सकाळी घासू."

"उद्या ते येणार जेवायला. उद्या कसं चालेल?" ती म्हणाली. मग हात चालवत, भिंतीशी बोलावं तसं म्हणाली, "त्यांना इथलंच लागलं ना गं?"

तोंडाशी तेच आलं होतं. शक्यता. मी वाटी खाली ठेवली, कठड्यावर बसले आणि पाय आत सोडले. मग भिंतीला धरून आत उतरले. दोघींना जागा पुरत नव्हती. मी तिच्यासमोर बसले आणि तिच्या हातातला काथ्या काढून घेतला. तिची बोटं सिमेंटनं खरवडलेली, टोकांना रक्ताळलेली होती. ती माझ्याकडे बघायला लागली. एवढ्या वर्षांत विचारल्यावर मी कधी तिच्या इतक्या जवळ आले नव्हते.

"नाही, आई," मी म्हणाले. "हौदातलं नव्हतं. आप्पा बाहेरून घेऊन आले होते. मी तपासलंय."